नोकरी सांभाळून पदवी: आठवड्याला खरे किती तास लागतात?

वैजू_बदलापूर | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ३६, शिक्षण बारावी कॉमर्स. निकाल लागल्या लागल्या नोकरीला लागले, पुढं लग्न झालं, मुलगा आता पाचवीत आहे. लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कामाला कुणी नाव ठेवत नाही. नव्या पोरांना टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) मीच शिकवते आणि थोड्या दिवसांनी त्यातलाच एखादा माझा सीनियर होऊन बसतो, कारण त्याच्याकडे डिग्री असते. साहेब भले आहेत, पण म्हणतात, "मॅडम, पॉलिसी आहे, माझ्या हातात काही नाही." तेव्हा यंदा बी.कॉम.ला नाव घालायचंच असं ठरवलंय.

अडतंय ते वेळेपाशी. सकाळी सातच्या आसपास गाडी पकडते, दादरला उतरून स्लोनं करी रोड. घरी टेकायला रात्रीचे आठ होतात. मग स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, उद्याच्या डब्याची तयारी. ओटा आवरेस्तोवर साडेदहा. रविवारी आठवड्याची तुंबलेली कामं. एके ठिकाणी चौकशीला गेले तर तिथल्या मुलीनं "नोकरीवाले आरामात करतात हो" म्हणून माहितीपत्रक हातात ठेवलं. मला आकडा हवाय. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांच्या घरात कुणी केलंय, त्यांनी खरं खरं सांगा. फी आणि विद्यापीठ यावर नंतर बोलू.

फलाट_नंबर_चार | सोमवार, रात्री ११:४२

करा. होतं.

मी वसईहून फोर्टला नोकरी करत दूरस्थ बी.कॉम. केलं. आठवड्याला किती तास विचाराल तर शून्य. वर्षभर पुस्तकांना हात लावला नाही. परीक्षेच्या आधीचा महिना मात्र लग्नं, बारशी, क्रिकेट सगळं बंद. सेकंड क्लासात सुटलो. कंपनीनं क्लास विचारला नाही, फक्त सर्टिफिकेटची झेरॉक्स घेतली.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:०५

वैजूताई, तुम्ही आकडा मागितलात म्हणून आकडाच देतो. हा माझ्या मनचा नाही, अभ्यासक्रमातच बांधलेला आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं धरलंय. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, तर फार आधीपासून हाच हिशेब सांगत आलंय: एका क्रेडिटला ३० तास, त्यात वाचन, असाइनमेंट, संपर्क वर्ग, सगळं आलं. १२० गुणिले ३० म्हणजे ३,६०० तास. तीन वर्षांचे आठवडे १५६. भागाकार करा, आठवड्याला २३ तास येतात. म्हणजे रोजचे सव्वातीन, सुट्टी न घेता.

घाबरू नका, पुढचं वाचा. इग्नूत तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पुरी करता येते. तेच तास सहा वर्षांवर पसरले की आठवड्याला साडेअकरा होतात. तुमच्या वेळापत्रकात २३ बसणार नाहीत, साडेअकरा कदाचित बसतील. तेव्हा किती तास, याच्या आधी किती वर्षं हे ठरवा.

फलाट_नंबर_चार | मंगळवार, सकाळी ९:१५

मास्तर, २३ तास कोण करतं हो! एवढा वेळ दिला असता तर मी सीए झालो असतो.

अर्धा_सीए | मंगळवार, सकाळी ९:३१

एवढा वेळ देऊनही सीए होता येत नाही, अनुभवाचे बोल आहेत.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ११:२०

फलाटराव, तो आकडा कोऱ्या पाटीच्या विद्यार्थ्यासाठी आहे. अठरा वर्षांच्या मुलाला डेबिट-क्रेडिट समजायलाच महिना लागतो. या बाई रोज लेजर बघतात. अकाउंटन्सीच्या पेपरला त्यांना ठरलेल्या तासांच्या अर्ध्यातही जमेल, फक्त पुस्तकी मांडणीची सवय करावी लागेल. टॅली आपोआप ताळेबंद काढून देतं, परीक्षेत तो हातानं आखावा लागतो. पण व्यवसाय कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र या विषयांत त्या बारावीच्या मुलाएवढ्याच नवख्या आहेत. तिथं तास पुरे द्यावे लागतील. नोकरदार विद्यार्थी नेमका उलटं करतो. जे येतं तेच पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्यात बरं वाटतं, आणि मग अर्थशास्त्रात केटी बसते, म्हणजे पेपर राहतो.

मी एका रात्र महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं, म्हणून हे जवळून पाहिलंय. पहिलं लेक्चर अर्धं रिकामं, कारण ऑफिसं सहाला सुटतात. शेवटचंही अर्धं रिकामं, कारण कसारा-कर्जतच्या मुलांना गाडी गाठायची असते. मधलं एक लेक्चर काय ते भरलेलं. कठीण धडा मी नेहमी त्याच तासाला घ्यायचो. प्राचार्यांना वाटायचं मी वेळापत्रकाचा खेळखंडोबा करतो.

शिफ्ट_क | मंगळवार, दुपारी ३:४०

विमानतळावर ग्राउंड स्टाफला आहे, पाळी दर आठवड्याला बदलते. इग्नूतून बी.ए. केलं. मला हा तासांचा हिशेबच पटत नाही. आठवड्याला दहा-बारा तास कुणीही काढतो. ड्युटीवर मध्ये फट मिळते, येताजाता गाडीत मिळतो, झोप न आलेल्या दुपारी मिळतो. तुकड्यातुकड्यानं मिळतो, पण मिळतो.

जीव खातात त्या ठरलेल्या तारखा. असाइनमेंट जमा करायची शेवटची तारीख, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि प्रत्यक्ष पेपर. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला. वेळापत्रक महिनाभर आणि त्याहून जास्तही पसरतं, आणि पेपर काही फक्त रविवारी नसतात. मंगळवारी असतो, गुरुवारी असतो. सकाळचा दहा ते एक, दुपारचा दोन ते पाच. अभ्यास पाळीनुसार मागेपुढे करता येतो, पेपर करता येत नाही. माझा एक पेपर केवळ पाळी बदलून मिळाली नाही म्हणून पुढच्या सत्रावर गेला. अभ्यास पुरा झाला होता!

म्हणून वैजूताई, आठवड्याचे तास मोजण्याआधी वर्षातले कुठले दिवस ऑफिसला दांडी मारावी लागेल ते मोजा आणि तेवढी रजा शिल्लक आहे का बघा.

वैजू_बदलापूर | मंगळवार, रात्री १०:५५

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

मास्तर, आजवर आकडा कुणी दिला नव्हता. खरं सांगते, २३ वाचून फोन खाली ठेवला, मग चहा घेऊन पुढचं वाचलं.

शिफ्ट_क, तारखांचा विचारच केला नव्हता. आमच्याकडे सीएल (किरकोळ रजा) कमी आणि पीएल (हक्काची रजा) मागितली की साहेबांचा चेहरा पडतो. असाइनमेंट म्हणजे नक्की काय असतं? घरी बसून लिहायचं ना?

अर्धा_सीए | मंगळवार, रात्री ११:३०

अकाउंट्सवाल्यांसाठी खास सांगतो, कारण हे दुसरं कुणी सांगणार नाही.

आपल्या महिन्याचं कॅलेंडर आधीच भरलेलं असतं. ७ तारखेला टीडीएस (कापलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची रिटर्नं. वर्षात मार्चअखेर, मग मार्चच्या टीडीएसची ३० एप्रिल, पुढं ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट (त्याला मुदतवाढ मिळाली तर ऑक्टोबरही गेला). आता तुमच्या विद्यापीठाची परीक्षा एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास येत असेल तर दोन्ही सत्रं बरोब्बर तुमच्या धुमश्चक्रीवर आदळतील. कुठलाही साहेब एप्रिलमध्ये अकाउंट्सच्या माणसाला रजा देत नाही, देव असला तरी.

त्या मानानं जून-डिसेंबर सोयीचं. १५ जून आणि १५ डिसेंबरला अॅडव्हान्स टॅक्स आहे, पण ते एका दुपारचं काम. तेव्हा माहितीपत्रकातली रंगीत पानं सोडा, मागच्या दोन-तीन वर्षांची परीक्षेची वेळापत्रकं संकेतस्थळावरून काढा आणि आपल्या रिटर्नच्या तारखांशेजारी ठेवून बघा. विद्यापीठ कुठलं हे तुम्ही नंतर बोलू म्हणालात, पण माझ्या मते याच्यावरूनच ठरवायला हवं.

शिफ्ट_क | बुधवार, पहाटे ४:५०

असाइनमेंट म्हणजे प्रश्न दिलेले असतात, उत्तरं स्वतःच्या हातानं लिहून अभ्यास केंद्रावर द्यायची. आमच्या वेळी साधारण ३० टक्के गुण त्यांना आणि ७० टक्के परीक्षेला होते. ३० टक्के घरबसल्या मिळतात म्हणून लोक खूश होतात, पण एका पेपरची असाइनमेंट नीट लिहायची तर दोन रविवार जातात. चार पेपर असतील तर दोन महिन्यांचे रविवार गेले. आणि ती न दिली तर परीक्षेत कितीही मार्क पडोत, तो पेपर पुरा धरत नाहीत.

आणखी एक. तुम्ही शेवटचं पानभर हातानं कधी लिहिलंय? नोकरीत आपण सही सोडून काही लिहीत नाही. पहिल्या पेपरला पाऊण तासात माझा अंगठा वळला. बोटं उघडमिट करत बसलो, शेजारची पोरगी पुरवणी मागत होती. येत असलेलं उत्तर हात चालत नाही म्हणून अर्धं सोडून आलो. तेव्हापासून असाइनमेंट हीच लिहायची तालीम समजून मी घड्याळ लावून लिहायला लागलो. तासांच्या हिशेबात हे कुणी धरत नाही, पण वीस वर्षं कीबोर्डवर काढलेल्या माणसाला नुसता हात चालता व्हायला महिना-दोन महिने लागतात.

दणकेबाज | बुधवार, सकाळी १०:०२

एवढा खटाटोप कशाला करता राव? आमच्या गाडीत दरवाज्याजवळ स्टिकर लावलेत, "दहावी-बारावी नापास? एका वर्षात पदवी, परीक्षा घरून". नंबर दिलाय. कंपनीला कागद हवाय ना, द्या कागद!

एचआर_ठाणे | बुधवार, सकाळी १०:४०

दणकेबाज, तुम्ही गमतीत म्हणत असाल तरी इथं वाचणारं कुणीतरी खरंच त्या नंबरवर फोन लावेल, म्हणून लिहिते.

मी एचआरमध्ये आहे. प्रमोशनच्या वेळी आम्ही पदवी पडताळणीला बाहेरच्या एजन्सीकडे पाठवतो, एजन्सी विद्यापीठाला विचारते. खोटी निघाली तर प्रमोशन राहिलं बाजूला, आहे ती नोकरीही जाते. आणि असा माणूस बहुतेक वेळा कामाला चांगलाच असतो, त्यामुळे आम्हालाही ते पत्र टाइप करताना त्रास होतो.

तीन वर्षांची पदवी एका वर्षात देणारा कुणीही असो, सरळ उठून या. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची (डीईबी) मान्यता लागते. कुठल्या संस्थेला, कुठल्या अभ्यासक्रमाला, कुठल्या सत्रासाठी मान्यता आहे ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. आता प्रवेशाआधी स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, त्यामुळे फसवणुकीला थोडा तरी चाप बसलाय. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी आणि नियमित पदवी यूजीसीच्या लेखी एकाच तोलाच्या आहेत. पण कंपनीचे अंतर्गत नियम वेगळे असू शकतात. फी भरण्याआधी वैजूताईंनी एचआरला ईमेल करून लेखी विचारून घ्यावं. तोंडी "हो हो चालेल" ऐकून फी भरलेले लोक मी पाहिलेत.

रजेबद्दल: खासगी कंपनीवर परीक्षेची वेगळी रजा देण्याची सक्ती नाही. वेळापत्रक लागल्या दिवशी अर्ज टाका, आदल्या आठवड्यात नको.

गिरणगावकर | बुधवार, दुपारी १:१५

साहेबांना सांगावं की नाही, यावर मात्र माझं मत वेगळं आहे. आमच्या ऑफिसात एकानं सांगितलं, तर "हा आता सोडून जाणार" म्हणून त्याला चांगली कामं देणंच बंद झालं. गुपचूप करा, हातात निकाल आला की पेढे वाटा.

एचआर_ठाणे | बुधवार, दुपारी १:२८

आणि महिनाभर दर मंगळवारी-गुरुवारी पोटात दुखतंय म्हणून सांगायचं?

गिरणगावकर | बुधवार, दुपारी १:३०

गावी कार्य निघतं हो माणसाचं :)

दोन_कप_चहा | बुधवार, रात्री ९:४५

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. पदवी मिसेसनं घेतली, मी घरातला 'इतर'.

नाव घातलं तेव्हा आम्ही सगळेच "कर गं, आम्ही आहोत" म्हणालो. आई, मी, मुलगी, सगळे. त्या "आम्ही आहोत"चा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. रात्री नऊला ती पुस्तक घेऊन आतल्या खोलीत बसली की दर पाच मिनिटांनी दार वाजायचं. कंपासपेटी कुठंय, जिरं संपलं का, मावशीचा फोन आलाय. तिनं काही बोलायच्या आत मीच वैतागून एका रात्री कागद घेतला आणि घरात कोण काय करतं ते लिहून काढलं. तिच्या नावापुढची यादी कागदाच्या मागच्या बाजूला गेली. त्यातली काही कामं अशी होती की ती कुणीतरी करतं हेच मला ठाऊक नव्हतं. गॅसचा नंबर लावणं, शाळेच्या ग्रुपवर उत्तर देणं, आईच्या गोळ्या संपण्याआधी आणणं.

ती यादी वाटून घेतली. रात्रीची भांडी आणि सकाळचे दोन डबे माझ्याकडे आले. माझी पोळी अजूनही गोल होत नाही, म्हणून डब्यात भात वाढला. आईला हे फारसं रुचलं नव्हतं, ती काही दिवस माझ्याशीच कमी बोलायची. वैजूताई, तुमच्या पोस्टमध्ये घरच्यांचा उल्लेख कामांच्या यादीतच येतो, मदतीच्या यादीत कुणी दिसत नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा, पण आठवड्याचे साडेअकरा तास तुमच्या दिवसातून निघणार नाहीत. दुसऱ्या कुणाच्या तरी टीव्हीतून निघतील.

मधुमालती | बुधवार, रात्री १०:१०

दोन_कप_चहा, दंडवत! हा प्रतिसाद आमच्या ह्यांना वाचायला देतेय.

वैजू_बदलापूर | बुधवार, रात्री ११:२५

आगाऊपणा कसला. सासूबाई मुलाचं शाळेतून आल्यानंतरचं सगळं बघतात, तेवढं सोडलं तर खरंच मी कुणाला विचारलेलंच नाही. ह्यांची ड्युटी अंबरनाथ एमआयडीसीत आहे, ते सहाला घरी असतात. सहा ते आठ ते काय करतात हे मी आज पहिल्यांदा मोजलं.

आता गाडीबद्दल सांगा. येताजाता मिळून माझे तीन तास जातात. त्यातले किती खरे अभ्यासाचे धरायचे?

फलाट_नंबर_चार | गुरुवार, सकाळी ८:२०

शून्य. विरारच्या गाडीत हात वर केला तर खाली आणायला जागा नसते, पुस्तक कुठून उघडणार?

मधुमालती | गुरुवार, सकाळी ९:०५

फलाट, ते उभ्यानं जाणाऱ्यांचं झालं. बदलापूरहून सुटणारी गाडी असेल आणि ती वेळेवर फलाटावर असेल तर खिडकी मिळते. अंबरनाथच्या बायका तेवढ्यासाठी बदलापूरपर्यंत डाऊन येऊन बसतात. बसायला मिळालं की कल्याणपर्यंत शांतता, पुढं डोंबिवलीला गलका. मी लेडीज डब्यात बसून एम.ए. मराठीचं वाचन केलंय. आमचा ग्रुप आधी चिडवायचा, नंतर स्वतःच "अगं तिला वाचू दे" म्हणून चौथ्या सीटवालीला सरकवायचा.

पण तिथं काय वाचायचं हे ठरवून ठेवायला लागतं. नवीन धडा गाडीत डोक्यात शिरत नाही, गणितं सुटत नाहीत. आदल्या रात्री जे वाचलं त्याच्या टिपा चाळायच्या, व्याख्या पाठ करायच्या. मी पानांचे फोटो काढून फोनवर वाचायचे, जाड पुस्तक उघडलं की शेजारणीच्या नाकाला लागायचं. संध्याकाळी परतताना तर काहीच नाही, संध्याकाळची गाडी झोपेची. तीन तासांतले पाऊण तास धरा. जास्त धरलेत तर हिशेब चुकेल.

आणि घरी जमत नसेल तर बदलापुरात अभ्यासिका असेल ती शोधा. मुंबईत वॉर्डावॉर्डात आहेत, काही पालिकेच्या, काही मंडळांच्या. स्पर्धा परीक्षेची मुलं बसलेली असतात, त्यांच्यात छत्तिशीतली बाई जाऊन बसली की पहिले दोन दिवस वळून बघतात, मग कुणी बघत नाही. मी दादरला ऑफिस सुटल्यावर तासभर थांबायचे, गर्दी ओसरली की गाडी पकडायचे. घरी पोचायला उशीर व्हायचा, पण तो तास आख्खा मिळायचा.

वकील_होणारच | गुरुवार, दुपारी १२:५०

धाग्याचा विषय थोडा वळवतो. मला एलएल.बी. करायचंय. नोकरी सांभाळून दूरस्थ कुठं होईल?

निवृत्त_मास्तर | गुरुवार, दुपारी २:३०

कुठंही नाही. वकिलीची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन मिळत नाही, अभियांत्रिकी-वैद्यकीयचीही नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी लागते. सकाळचे वर्ग असलेलं महाविद्यालय आणि दुपारी सुरू होणारी नोकरी अशी जोडी जमली तर बघा. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ" म्हणणारं कुणी भेटलं तर त्या बोलण्यावर तीन वर्षं लावू नका.

सकाळच्या वर्गांची मुंबईत जुनी परंपरा आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, त्याचे वर्ग सकाळी भरायचे. पोरगं लेक्चर करून थेट ऑफिसात जायचं. फोर्टातलं ठिकाण त्याला सोयीचं, कारण ऑफिसंही तिथंच. पुढं १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाचं पत्राद्वारे शिक्षण सुरू झालं, १९८५ ला इग्नू आलं, १९८९ ला नाशिकचं मुक्त विद्यापीठ. माझ्या रात्र महाविद्यालयातली बाकं त्यानंतर हळूहळू रिकामी होत गेली. वसई-बदलापूरहून येणाऱ्याला रात्री साडेनऊपर्यंत वर्गात बसवणं अन्यायच होता म्हणा. पण वर्गात एक होतं: समोर फळा असला की माणूस डुलक्या घेत का होईना, बसून राहतो. घरी पुस्तक मिटायला कुणाची परवानगी लागत नाही.

गिरणगावकर | गुरुवार, दुपारी ४:००

मास्तरांना अनुमोदन. संपामागून गिरण्या गेल्या, पण आमच्या चाळीतली निम्मी माणसं रात्रशाळेत शिकलेली. वडील पहिल्या पाळीतून आले की पाटी... जाऊ दे, अवांतर होतंय. वेगळा धागा काढतो.

वैजू_बदलापूर | शनिवार, रात्री १०:३०

दोन दिवस वेळ मिळाला नाही, २० तारीख होती. (अर्धा_सीए हसत असणार.)

काल घरी बोलले. ह्यांनी आधी "तू सांगशील तसं" म्हणून विषय संपवायचा प्रयत्न केला, मग दोन_कप_चहांची यादीची कल्पना काढली. यादी अजून अर्धीच झालीय, पण संध्याकाळचा कुकर आणि मुलाचं गणित त्यांच्याकडे गेलं. सासूबाई म्हणाल्या, "मला विचारलंच नव्हतं कुणी कधी." भाजी निवडून ठेवणं त्यांनी आपणहून घेतलं.

मास्तरांच्या हिशेबानं पाहिलं तर सोमवार ते शुक्रवार गाडीतले पाऊण तास आणि रात्रीचा एक, शनिवारी अर्धा दिवस असतो तेव्हा दादरला थांबून दोन, रविवारी सकाळी दोन. बेरीज साडेअकराच्या थोडी वर जाते. हे कागदावर. सणाच्या महिन्यात काय होईल देव जाणे, आमच्या गल्लीत गणपतीत दहा दिवस स्पीकर खिडकीला लागून असतो.

तीन वर्षांत करायचं नाही हे ठरलं. आता एवढंच सांगा, वर्षाची फी भरून पेपर निम्मेच दिले तर चालतं का? आणि मध्येच सोडावं लागलं तर सगळं वाया?

शिफ्ट_क | रविवार, दुपारी २:१०

इग्नूत चालतं. नोंदणीची फी भरायची, परीक्षेचा फॉर्म मात्र पेपरनुसार भरायचा, तयारी झालेलेच पेपर निवडायचे. राहिलेले पुढच्या जून-डिसेंबरला. मी असंच केलं. एका सत्रात दोनपेक्षा जास्त पेपर घ्यायचे नाहीत हा माझा नियम होता आणि तो मोडायचा मोह दरवेळी व्हायचा. सत्र पद्धतीच्या नेहमीच्या विद्यापीठात एवढी मोकळीक नसते, तिथं एटीकेटीचे (राहिलेले पेपर घेऊन पुढच्या वर्गात जायचे) नियम आधी वाचा.

एचआर_ठाणे | रविवार, दुपारी ३:००

वाया जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे क्रेडिट पुरे करून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पण आमच्या कंपनीत तरी 'ग्रॅज्युएट' या रकान्यात डिप्लोमा चालत नाही. तुमच्या एचआरला त्या ईमेलमध्ये हेही विचारून टाका.

मधुमालती | रविवार, दुपारी ४:२०

फॉर्म भरताना परीक्षा केंद्राचा पर्याय येईल तेव्हा घराजवळचं बघू नका, ऑफिसजवळचं बघा.

वैजू_बदलापूर | रविवार, रात्री ९:५०

असं का? घराजवळ बरं ना, निवांत जाता येईल.

मधुमालती | रविवार, रात्री १०:०५

सकाळचा पेपर एकला सुटला की जेवून दोनपर्यंत ऑफिसात पोचता, अर्ध्याच दिवसाची रजा जाते. दुपारचा असेल तर सकाळी जाऊन मेल बघून निघता येतं. केंद्र कल्याण-बदलापूरला घेतलंत की प्रत्येक पेपरला पूर्ण दिवस गेलाच. शिवाय पावसाळ्यात जूनचे पेपर असतात. गाड्या रखडल्या तरी तुम्ही रोजच्या सवयीनं आधीच दादरला असाल. जागा असेल तरच हवं ते केंद्र देतात, तेव्हा फॉर्म उघडल्या उघडल्या भरा.

अर्धा_सीए | रविवार, रात्री १०:१८

आणि ११ तारखेला पेपर आला तर जीएसटीआर-१ दहालाच भरून टाका.